एका पाथरवट घराण्याची कुळकथा

रोम येथील सेंट पीटरच्या विस्तीर्ण चौकाच्या मध्यभागी ईजिप्तमधून आणलेला एक प्रचंड एकसंध पाषाणस्तंभ उभा आहे. त्याच्या बैठकीवर पोपच्या गौरवाचे लेख मोठ्या अक्षरांत कोरलेले आहेत. ते प्रत्येक प्रवासी वाचतो, निदान पाहतो तरी. परंतु त्याच बैठकीवर अगदी खाली, बारीक अक्षरांत, लॅटिन भाषेतील आणखी एक ओळ आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कोमो प्रांतातील मिली गावचा दोमेनिको फोन्ताना याने हा स्तंभ हलविला व उभारला, एवढाच तिचा आशय. ज्या माणसाने हे काम केले त्याला पोपने सरदारकी दिली होती, रोमचे नागरिकत्व दिले होते. तरीही आपले नाव दगडावर कोरण्याची वेळ आली तेव्हा त्याने त्यापुढे कोरले ते आपल्या गावाचे नाव, आणि ते गावही असे की रोममध्ये दहा माणसांना ते ठाऊक नसेल.

हे मिली म्हणजे आजचे मेलिदे. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला तिचिनो नावाचा इटालियन भाषिक परगणा आहे. आल्प्सच्या उतारावरून खाली आलेल्या डोंगरांच्या कुशीत तेथे लुगानोचे सरोवर वेडेवाकडे पसरले आहे. त्याच्या एका काठाला मेलिदे, समोरच्या काठाला बिस्सोने आणि पाणी जेथे दक्षिणेला संपते तेथे कापोलागो. १८४७ मध्ये मेलिदे व बिस्सोने यांच्यामध्ये दगडी बांध पुरा झाला. तत्पूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर नावेखेरीज गत्यंतर नव्हते. तिन्ही गावे आजही लहानच आहेत. मात्र सोळाव्या व सतराव्या शतकांतील रोम नगरीचे जे रूप आज जग पाहते, त्याचा फार मोठा भाग या तीन गावांतून गेलेल्या एका नातेसंबंधाने घडविला आहे. फोन्ताना, मादेर्नो, गारोवो आणि कास्तेल्ली ही या नातेसंबंधातील चार आडनावे. त्यांची कुळकथा म्हणजे घरदार सोडून परदेशी स्थायिक झालेल्या पाथरवटांची कुळकथा होय.

या माणसांना स्विस म्हणावे की न म्हणावे, हा प्रश्न येथे आरंभीच उपस्थित होतो, आणि तो वाटतो तितका पोरकट नाही. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी स्विस संघातील प्रांतांनी लुगानोचा मुलूख मिलानच्या सत्तेकडून जिंकून घेतला आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे त्यावर आपले सुभेदार पाठविले. म्हणजे फोन्ताना जन्मला तेव्हा त्याचे गाव स्विस संघाच्या अमलाखाली होते. परंतु ते संघाचे घटक नव्हते, प्रजा होते. भाषा इटालियन, धर्मपीठ कोमोचे, बाजार मिलानचा आणि सारा मात्र आल्प्सपलीकडील धन्याला. तिचिनो हा स्वतंत्र आणि समान अधिकारांचा परगणा झाला तो १८०३ साली. पुढे १९७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने शंभर फ्रँकच्या नोटेवर याच घराण्यातील बोरोमिनीचे चित्र छापले, तेव्हा तिचिनोतीलच एका कलेतिहासकाराने आक्षेप घेतला, की ज्या काळी आमची भूमी स्विस प्रांतांची नुसती मिळकत होती, त्या काळच्या माणसाला तुम्ही स्विस कसे म्हणता? प्रश्न बिनतोड होता. नोट मात्र चलनात राहिली आणि २००० साली त्या मालिकेतील इतर नोटांबरोबरच परत घेतली गेली. सरकारी कारभारात इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरे बहुधा याच रीतीने मिळत असतात.

त्या काळच्या पाथरवटाला स्वतःला हा प्रश्न कधी पडला असेल असे वाटत नाही. त्याला आपले गाव ठाऊक होते आणि आपला धंदा ठाऊक होता. धंदाही कालपरवाचा नव्हे. लोंबार्ड राजा रोथारी याने ६४३ साली जे कायदे लिहवून घेतले, त्यांत ‘कोमासिन’ म्हणविणाऱ्या गवंड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा शब्द कोमो शहरावरून आला की बांधकामाच्या यंत्रसामग्रीवरून, याबद्दल विद्वानांत वाद आहे. तो येथे बाजूला ठेवू. कायद्यातील तरतूद मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. गवंड्याने मजुरी ठरवून घराचा मक्ता घेतला आणि काम चालू असता घरावरून पडून किंवा दगड निसटून कोणी मेला, तर घरमालकावर त्याचा दोष नाही. ज्याने नफ्याकरिता काम पत्करले त्याने नुकसानही सोसले पाहिजे. तेराशे वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत या धंद्याचे पहिले दर्शन होते ते असे, परांचीवरून कोसळणाऱ्या माणसाच्या रूपाने.

तलावाकाठची जमीन थोडी आणि चढणीची. द्राक्षे, चेस्टनट, थोडेफार धान्य आणि मासळी यांवर सगळ्या घराचे वर्ष निघत नसे. दगड मात्र मुबलक, आणि तो फोडण्याचे, घडविण्याचे, चुन्यात बसविण्याचे कसब पिढीजात. तेव्हा थंडी ओसरू लागली की गावातील कर्ते पुरुष छिन्नी-हातोडा बांधून दक्षिणेची वाट धरीत आणि बर्फ पडण्यापूर्वी परत येत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा झाला की त्याला काकाच्या, मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या हवाली करीत. वर्षातील बहुतेक महिने गावात असत ते म्हातारे, मुले आणि स्त्रिया. नांगरट, कापणी, गुरे, कोर्टकचेरी, कर्जाची फेड हे सारे स्त्रियाच पाहत. परदेशी गेलेल्या पुरुषांची नावे इतिहासात आली. त्यांची शेते ज्यांनी राखली त्यांची नावे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्यांतच राहिली. पुढे दिसेल की या कुळकथेचा मुख्य धागा त्या वह्यांतच आहे.

काम जितके दूर, तितके परत येणे विरळ होई. काही जण हंगाम संपला तरी परतत नसत. तेथेच घर करीत. बिस्सोनेच्या गाजिनी घराण्यातील दोमेनिको गाजिनी पंधराव्या शतकात सिसिलीत गेला, पालेर्मो येथे १४९२ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा आन्तोनेल्लो तेथील सर्वश्रेष्ठ शिल्पकार ठरला. अस्तानो गावचा दोमेनिको त्रेत्सिनी १७०३ मध्ये रशियात गेला आणि पीटर बादशहाची नवी राजधानी उभारण्याच्या कामात आयुष्य वेचून तेथेच १७३४ मध्ये निवर्तला. मोर्कोतेच्या फोस्साती बंधूंनी १८४७ ते १८४९ या काळात इस्तंबूलच्या हागिया सोफियाची डागडुजी केली. लहान गावांची ही यादी आणखी पुष्कळ लांबविता येईल. परंतु मूळ कथेकडे वळलेले बरे.

दोमेनिको फोन्ताना १५४३ साली मेलिदे येथे जन्मला आणि १५६३ च्या सुमारास रोमला आला. त्याचा थोरला भाऊ जोव्हान्नी हाही याच धंद्यातला. पाण्याचे कालवे व नळ यांत तो तज्ज्ञ समजला जाई. दोमेनिकोने आरंभी गिलाव्याचे नक्षीकाम केले, मग लहानमोठे मक्ते घेतले. त्याचे भाग्य उजाडले ते एका धर्माधिकाऱ्याच्या अडचणीमुळे. कार्डिनल पेरेत्ती एक प्रार्थनामंदिर बांधीत होता आणि तत्कालीन पोपने त्याचे वेतन अकस्मात थांबविले. काम बंद पडावयाचे. चरित्रकार सांगतात की फोन्तानाने मेलिदेला आपण जमवून पाठविलेली शिल्लक परत मागविली आणि त्या पैशावर काम चालू ठेवले. वर्षानुवर्षे गावी पाठविलेली ती रक्कम शेतजमिनीसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी असावी. ती परत मागविणे हे त्या घरात काय ठरले असेल याची कल्पनाच केलेली बरी. जुगार साधला. १५८५ मध्ये हाच कार्डिनल पाचवा सिक्स्टस या नावाने पोप झाला आणि मेलिदेचा गवंडी रोमचा सर्वाधिक सामर्थ्यवान स्थापत्यकार बनला.

पाषाणस्तंभाचे काम १५८६ चे. कालिगुला बादशहाच्या काळी रोममध्ये आलेला हा स्तंभ जुन्या सेंट पीटरच्या बाजूला उभा होता. उंची सुमारे २५ मीटर, वजन तीनशे टनांहून अधिक. तो काही शेकडो पावले सरकवून देवळासमोर आणावा असे अनेकांच्या मनात येऊन गेले होते, परंतु धजावले कोणी नव्हते. फोन्तानाने स्तंभाला फळ्यांचे वेष्टन घातले, लोखंडी पट्ट्या ठोकल्या, भोवती तुळ्यांचा प्रचंड मनोरा रचला आणि जाड दोरखंड चाळीसएक रहाटांना जोडले. एप्रिलअखेर त्याने तो जाग्यावरून उचलला, मग आडवा निजविला, लाकडी रुळांवरून नेला आणि १० सप्टेंबरला नव्या बैठकीवर उभा केला. सुमारे नऊशे माणसे आणि शंभराहून अधिक घोडे त्या दिवशी एका खुणेसरशी ओढीत होते; काम चालू असता गलबला करणाऱ्यास कडक शिक्षेचा हुकूम होता. फोन्तानाने पुढे १५९० मध्ये या साऱ्या खटाटोपाचा वृत्तांत चित्रांसह ग्रंथरूपाने छापला. तो वाचताना जाणवते की हा माणूस विद्येने नव्हे, हिशेबाने विचार करीत होता. एक रहाट किती वजन पेलतो, एवढ्या वजनाला किती रहाट लागतील, उरलेल्या वजनाचे काय करावयाचे? परंपरेने गवंड्याच्या बोटांत असलेले ज्ञान येथे प्रथमच त्रैराशिकाच्या भाषेत मांडले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

सिक्स्टस वारल्यावर फोन्तानाचे वैरी जागे झाले. हिशेबात घोळ केल्याचा आरोप झाला आणि १५९२ मध्ये नव्या पोपने त्याला कामावरून दूर केले. तो नेपल्सला गेला, तेथील राजवाड्याचा आराखडा त्याने केला, आणि सार्नो नदीचे पाणी नेण्यासाठी जमिनीखालून कालवा खणताना त्याच्या मजुरांची कुदळ जुन्या भिंतींना आणि शिलालेखांना लागली. त्या भिंती पॉम्पेई नगरीच्या होत्या. त्यांची ओळख पटायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ लोटला. फोन्ताना १६०७ मध्ये नेपल्समध्येच वारला. मेलिदेला तो परतला नाही.

रोममध्ये त्याची जागा घेतली ती कोणा मुलाने नव्हे. त्याच्या बहिणीच्या मुलाने. मराठी वाचकांना कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार चांगला परिचित आहे. मूळ पुरुषापासून पुत्र, पौत्र, प्रपौत्र असा वंशवृक्ष त्यांत काढलेला असतो, आणि मुली कोणत्या घरी दिल्या हे एखाद्या ओळीत आटोपते. त्या पद्धतीने या पाथरवटांचा वंशवृक्ष काढू गेल्यास पदरी काहीच पडत नाही. येथे कसब आणि कामाची जागा उतरली ती मामाकडून भाच्याकडे, आईच्या माहेरच्या नात्याने. कारणही उघड आहे. बाप वर्षभर परगावी असे. पोराला धंद्याला लावण्याचा निर्णय घरी असलेल्या आईला घ्यावा लागे, आणि परमुलखात विश्वासाचा माणूस कोण, असा प्रश्न पडला की तिला पहिले नाव आठवे ते आपल्या भावाचे. आडनाव दर पिढीस बदलते. साखळी तुटत नाही.

कार्लो मादेर्नो १५५६ मध्ये कापोलागो येथे जन्मला. त्याची आई फोन्तानांची लेक. तो व त्याचे भाऊ मामाच्या हाताखाली रोममध्ये कामाला लागले; कार्लोने १५८८ मध्ये रोमचे नागरिकत्वही मिळविले. मामा पदच्युत होऊन निघून गेला तरी भाचा टिकला, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. १६०३ मध्ये सांता सुसान्ना या चर्चचा दर्शनी भाग त्याने पुरा केला आणि त्याच वर्षी तो सेंट पीटरचा स्थापत्यकार झाला. मायकेलअँजेलोने योजिलेली मूळ इमारत पुढच्या बाजूस लांबविण्याचा हुकूम पोपने दिला होता. मादेर्नोने तो पाळला, आणि १६०७ पासून पाच वर्षांच्या आत आजचा विशाल दर्शनी भाग उभा केला. त्यामुळे जवळून पाहणाऱ्याला घुमट झाकला जातो, ही तक्रार तेव्हापासून आजवर चालूच आहे. तक्रार खोटी नाही; पण हुकूम पोपचा आणि शिव्या मात्र मादेर्नोला, असा तो प्रकार आहे. त्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत नाव आहे ते पोपचे.

आता बिस्सोने. तेथे २५ सप्टेंबर १५९९ च्या मागेपुढे जोव्हान्नी दोमेनिको कास्तेल्ली या पाथरवटाला मुलगा झाला. त्याचे नाव फ्रान्चेस्को ठेवले. त्याची आई आनास्तासिया ही गारोवो घराण्यातील, आणि या घराण्याचे फोन्ताना-मादेर्नो परिवाराशी दूरचे नाते. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला दगड घडविणे शिकण्यासाठी मिलानला पाठविले. तेथे कॅथीड्रलचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होते आणि पाथरवटाच्या पोराला त्याहून मोठी शाळा नव्हती. बाल्दिनुच्ची या चरित्रकाराने एक गोष्ट नोंदविली आहे. बापाचे मिलानमध्ये कोणाकडे येणे होते. ते मुलाने परस्पर वसूल केले आणि घरी न कळविता, काही सोबत्यांसह, त्या पैशावर रोम गाठले. १६१९ मध्ये तो रोममध्ये होता हे कागदोपत्री सिद्ध आहे. गोष्ट खरी असेल तर घराच्या शिलकीवर हात टाकणारा तो या परिवारातला दुसरा. फोन्तानाने निदान स्वतः कमावलेले परत मागविले होते.

रोममध्ये हा मुलगा उतरला तो आईच्या माहेरच्या लेओने गारोवो याच्या घरी, टायबर नदीजवळच्या एका अरुंद गल्लीत. लेओने सेंट पीटरच्या कामावर दगडकामाचा मक्तेदार होता. त्याने पोराला मादेर्नोच्या हाताखाली लावून दिले. एक वर्षही धड झाले नसेल. १६२० मध्ये सेंट पीटरमध्येच काम चालू असता लेओने परांचीवरून पडला आणि मेला. रोथारी राजाच्या कायद्यात जे लिहिले होते, ते हजार वर्षांनंतर ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठ्या देवळात तसेच घडले. ज्याने आपल्याला आसरा दिला त्याचे हे मरण विशीतल्या फ्रान्चेस्कोच्या मनात कायमचे घर करून राहिले नसेल, असे कसे म्हणावे? परंतु त्याने त्याविषयी काही लिहून ठेवलेले नाही. हिशेबाच्या वह्या मात्र पुढे चालूच राहतात, आणि त्यांत पाथरवट फ्रान्चेस्को कास्तेल्ली याला दिलेल्या मजुरीच्या नोंदी येत राहतात. कोठे दारावरची देवदूतांची मस्तके, कोठे एखादा कठडा. अशा कोरड्या नोंदींतून एक माणूस वाढताना दिसतो. दप्तराची ज्यांना सवय आहे त्यांना हे वाचन कादंबरीहून रंजक वाटेल.

वृद्ध मादेर्नोला हाताला धरील असा माणूस हवा होता, आणि या पोराची रेषा विलक्षण नेमकी होती. आराखडे तो काढू लागला. याच सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने कास्तेल्ली हे आडनाव मागे टाकले आणि तो बोरोमिनी म्हणून ओळखला जाऊ लागला. रोममध्ये कास्तेल्ली पुष्कळ होते, हे एक व्यावहारिक कारण. मिलानचा संत कार्लो बोर्रोमेओ याच्यावरील भक्ती हे दुसरे. घराण्याला पूर्वीपासून चिकटलेले एक उपनाव हे तिसरे. तिन्ही कारणे आजवर पुढे केली गेली आहेत. परिणाम एकच, की बापाचे नाव पुसले गेले.

मादेर्नो १६२९ च्या जानेवारीत वारला. सेंट पीटरची जागा मिळाली ती समवयस्क बेर्निनीला; तो शिल्पकाराचा मुलगा, दरबारात वाढलेला, बोलण्यात चतुर. पाथरवटांच्या परांचीवरून वर आलेला अबोल बोरोमिनी काही काळ त्याच्या हाताखाली राबला आणि मग दुरावला. या दोघांच्या वैराच्या पुष्कळ आख्यायिका रोमचे वाटाडे तिखटमीठ लावून सांगतात. त्यांतील निम्म्या तरी कालगणनेपुढे टिकत नाहीत.

बोरोमिनीला स्वतंत्र काम मिळाले ते १६३४ मध्ये, एका गरीब स्पॅनिश संन्यासीपंथाकडून. चार कारंज्यांच्या चौकावर त्यांचा मठ व सान कार्लोचे चर्च बांधावयाचे होते. जागा इतकी चिंचोळी, की सगळे चर्च सेंट पीटरच्या घुमटाखालील एका खांबात मावेल असे म्हणतात. पंथापाशी पैसा नव्हता. बोरोमिनीने आपला मोबदला घेतला नाही. त्या अडचणीतून त्याने जे निर्माण केले, ते तोवर कोणी पाहिलेले नव्हते. भिंती आत-बाहेर लवतात, जणू दगड श्वास घेत आहे. वर लंबवर्तुळाकार घुमट, त्यात क्रूस व षट्‌कोनांची वीण, आणि प्रकाश कोठून येतो ते न कळावे अशी खिडक्यांची योजना. मठाच्या कारभाऱ्याने त्या कामाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यातील एक तपशील फार बोलका आहे. हा स्थापत्यकार नुसते आराखडे देऊन थांबत नसे; गवंड्याची थापी, सुताराची करवत, पाथरवटाची छिन्नी, लोहाराची कानस यांना तो स्वतः वळण लावीत असे. त्यामुळेच काम उत्तम होऊनही खर्च कमी आला, असे त्याचे म्हणणे. बिस्सोनेच्या बापाचे नाव त्याने टाकले होते, हात टाकता येणे शक्य नव्हते.

त्याच हातांचा दुसरा पैलूही लपवून चालणार नाही. १६४९ मध्ये सेंट जॉन लॅटरनच्या जीर्णोद्धाराचे काम त्याच्याकडे होते. घडविलेल्या दगडांची खराबी करताना एक माणूस सापडला. बोरोमिनीच्या इशाऱ्यावरून मजुरांनी त्याला असे बडविले की तो मेला. पोपच्या कृपेने बोरोमिनी मोठ्या शिक्षेतून सुटला आणि तीन वर्षांनी त्याच पोपने त्याला सरदारकीचा मान दिला. चरित्रकार बहुधा ही घटना एका वाक्यात उरकतात. दगडावरील प्रेमाचे कौतुक करताना त्या मेलेल्या माणसाची आठवण ठेवणे, एवढे तरी कर्तव्य उरतेच.

बोरोमिनीने लग्न केले नाही. तो नेहमी काळ्या स्पॅनिश पोशाखात वावरे, पैशाविषयी बेफिकीर असे आणि आपल्या आराखड्यांना स्वतःची मुले समजे. अखेरच्या वर्षांत कामे हातची गेली, प्रकृती खालावली, मन ठिकाणावर राहीना. आपल्यामागे कोणी आराखडे पळवील या भीतीने त्याने पुष्कळसे कागद जाळून टाकले. १६६७ च्या ऑगस्टच्या आरंभी एका रात्री तो मृत्युपत्र लिहीत बसला होता. सोबतीला असलेल्या बांधकामावरील मुकादमाने, वैद्याने झोपेची आज्ञा केली आहे म्हणून, दिवा देण्याचे नाकारले. पहाटे बोरोमिनीने बिछान्याजवळची तलवार रोवून तिच्यावर अंग टाकले. प्राण लगेच गेला नाही. शुद्धीवर असताना त्याने घडलेली हकीकत स्वतः सांगून लिहवून घेतली. इतकी शांत, क्रमवार आणि नेमकी, की ती एखाद्या मोडलेल्या कमानीच्या तपासणीचा अहवाल वाटावी.

मग त्याने मृत्युपत्र पुरे केले. आपल्याला वेगळी कबर नको, नाव कोरणे नको. सान जोव्हान्नी दे फियोरेंतीनी या चर्चमध्ये कार्लो मादेर्नोच्या थडग्यात आपल्याला ठेवावे, असे त्याने सांगितले. सारी मिळकत पुतण्या बेर्नार्दो कास्तेल्ली याला दिली. मात्र त्याला एक अट घातली, की त्याने मादेर्नोच्या घराण्यातील मुलीशी लग्न करावे. आयुष्यभर एकटा राहिलेला, बापाचे आडनाव टाकून दिलेला हा माणूस मरणाच्या दारात तलावाकाठच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम करीत होता. सोयरीक जुळवीत होता.

त्याची इच्छा पाळली गेली आणि पुष्कळ काळ त्या थडग्यावर त्याचे नाव नव्हते. विसाव्या शतकात, १९५५ मध्ये, तेथे एक लेख बसविण्यात आला. त्यात त्याला तिचिनोचा म्हटले आहे. १९९९ मध्ये, त्याच्या चारशेव्या जन्मवर्षी, मारिओ बोत्ता या तिचिनोच्याच स्थापत्यकाराने लुगानोच्या काठी पाण्यावर सान कार्लोचा उभा छेद लाकडी फळ्यांनी मूळ आकारात उभारला. तो २००३ मध्ये उतरविला गेला.

पुतण्या बेर्नार्दो रोममध्येच राहिला. सान कार्लोच्या दर्शनी भागाचा खालचा मजला काकाच्या हयातीत झाला होता. वरचा मजला त्याने पुढील पंधरा वर्षांत पुरा केला. आणि १६८५ मध्ये, फ्लॉरेन्सचा बाल्दिनुच्ची कलावंतांची चरित्रे जमवीत असता, बेर्नार्दोने काकाविषयी जे ठाऊक होते ते लिहून त्याला पाठविले. बिस्सोनेचा पाथरवट, मिलानला धाडलेला मुलगा, आईच्या नात्यातील लेओने यांच्याविषयी आज जे कळते, त्याचा बराच भाग त्या कागदातून आलेला आहे. त्यात त्याने स्वतःचे नाव लिहिताना दोन्ही आडनावे लिहिली: आधी कास्तेल्ली, मग बोरोमिनी.